इंदूर ते बडोदा: पेट्रोल कुठे भरता, कोणतं भरता? (अनुभव धागा)

राऊकर
गाडीचा कप्पा आवरताना गोध्र्याच्या पंपाची जुनी पावती सापडली. 2024 च्या मार्चात दोन रुपये उतरले, त्यानंतरची. शाई उडालीय, पण 94 वाचता येतं. तेव्हा इंदूरला भाव 106 च्या वर होता. 'टाकी पिटोलच्या पुढे' (पिटोल म्हणजे गुजरातच्या हद्दीवरचं आपलं शेवटचं गाव) हा घरातला जुना नियम आठवला, म्हणून धागा.

फरक सगळा कराचा. मध्य प्रदेशात पेट्रोलवर 29 टक्के व्हॅट, वर लिटरमागे अडीच रुपये आणि 1 टक्का सेस. गुजरातेत 13.7 टक्के व्हॅट आणि 4 टक्के सेस. इंदूर-पिटोल साधारण दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, म्हणजे 18 च्या अॅव्हरेजला नऊ लिटर. बारा लिटर टाकीत ठेवून निघायचं, हद्द ओलांडून 30 लिटर भरलं की साडेतीनशे रुपये वाचले. परतताना दाहोदला पुन्हा फुल. डिझेलवाल्यांनी मात्र जीव टांगणीला लावू नये, फरक जेमतेम दोन रुपये.

दांडियाबाजार
आमच्या बडोद्यात लोकांना वाटतं, रिफायनरी इथेच कोयलीला आहे म्हणून स्वस्त. छे! कर मुंबईएवढा लावला तर कोयलीच्या दारातही मुंबईचाच भाव.
परतताना शेवउसळ खाल्ल्याशिवाय निघू नका. हे पण टाकी फुल करण्यातच धरा.

लष्करची ताई
ग्वाल्हेरकरांचं गणित वेगळं. आग्र्याच्या रस्त्याला चंबळ ओलांडली म्हणून खूश होऊ नका, पुढे धौलपूर राजस्थानात आहे, दर आपल्यासारखाच. ते पार करून यूपी लागलं की स्वस्त. झाशीकडे जाणाऱ्यांचं सोपं, दतिया सोडलं की झालं. तिकडे डिझेलही तीन-चार रुपयांनी कमी, त्यामुळे ट्रकवाले झाशीचाच पंप बघतात.

पळासिया गॅरेज
दर सगळे बघतात, मोजमाप कोणी बघत नाही. पंपावर 5 लिटरचं शिक्का मारलेलं माप ठेवावंच लागतं. मागा. भरून 25 मिलीपर्यंत कमी-जास्त चालतं, त्याच्या खाली गेलं तर तक्रार. फिल्टर पेपर पण फुकट मिळतो. नोझल पुसून एक थेंब टाका, दोनेक मिनिटांत उडायला हवा. डाग उरला तर भेसळीची शंका. घनता बोर्डावर लिहिलेली असते, पेट्रोलची 15 अंशाला घनमीटरमागे 720 ते 775 किलोमध्ये.

शनिवारी_भेटू
पहाटे भरलं की जास्त मिळतं म्हणतात ते खरं का

पळासिया गॅरेज
नाही हो. पेट्रोल 10 अंश तापलं तर साधारण 1 टक्का फुगतं हे खरं, पण टाकी जमिनीत पुरलेली, तिथलं तापमान दिवसभरात हलत नाही. पहाटे उठलात तर पोहे खा.

रावपुरा_वहिनी
सीएनजीला मात्र वेळेचा फरक पडतो. दाब 200 बारपर्यंत, भराभर भरताना सिलिंडर तापतो आणि दुपारच्या उन्हात दाब लवकर चढतो, वजन कमी बसतं. 60 लिटरच्या सिलिंडरमध्ये आठ-नऊ किलो बसतात, दुपारी त्याहून कमी. सकाळी गर्दी नसताना भरा. आणि आठवड्यातून आठ-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा, नाहीतर इंजेक्टर चिकटतो. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर 3 वर्षांनी, प्लेटवरची तारीख बघा.

राऊकर
वहिनी, हे लाख बोललात. प्लेट कोणी बघत नाही.

जुनी_स्कूटर
कार्ब्युरेटरवाल्यांनो, ई20 (20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) बद्दल बोला की!

पळासिया गॅरेज
बोलतो, जरा लांब होईल. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. ई10 वरून ई20 वर आलं की गाडी बिघडलेली नसतानाही तीनेक टक्के अॅव्हरेज जाणारच. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात ई10 साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींना 6-7 टक्के आणि दुचाकींना 3-4 टक्के घट धरली होती. कंपनीकडून ई20 साठी जुळवून आलेल्या गाड्यांना 1-2.
जुन्या दुचाकीत तीन गोष्टी. एक, रबर फुगतं: पेट्रोल पाइप, फ्लोट बाउलचं (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीचं) गॅस्केट, सुईचं टोक. बदलताना व्हायटॉनचं (इथेनॉल सोसणारं रबर) मागा, साधं नको. दोन, मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, प्लग पांढरट दिसतो. मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा रिच (पेट्रोल वाढेल असा) करून बघा, भागलं नाही तर मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा. तीन, महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोट बाउलचा स्क्रू सोडून पेट्रोल काढा. आणि टाकी भरलेली ठेवा, रिकाम्या टाकीत दव धरतं, ते पाणी इथेनॉल ओढून घेतं आणि तळाला वेगळा थर बसतो. मग सकाळी गाडी ढिम्म.

शनिवारी_भेटू
95 ऑक्टेनवालं महागडं पेट्रोल भरलं तर?

दांडियाबाजार
ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, खडखडाट न होण्याची क्षमता. मॅन्युअलमध्ये 91 लिहिलं असेल तर लिटरमागे सात-आठ रुपये जास्त मोजून अॅव्हरेज वाढत नाही. टर्बो इंजिन, उन्हाळा, घाट आणि गाडी भरलेली, तेव्हा उपयोग.

लष्करची ताई
अॅव्हरेज मोजताना तोच पंप, तेच नोझल, पहिल्या ऑटोकटला (नोझल आपोआप बंद होतं तेव्हा) थांबा. तीन टाक्यांची सरासरी काढा, एका टाकीवर नवऱ्याशी भांडू नका 😄 कट झाल्यावर वर ठासून भरलं की पेट्रोल बाष्पाच्या कॅनिस्टरमध्ये (टाकीतली वाफ शोषणारा कोळशाचा डबा) जातं, कोळसा भिजतो, मग गरम इंजिन लवकर सुरू होत नाही.

नवा_मेंबर
डिझेल गाडीत पेट्रोल घातलं पंपवाल्यानं!! भाऊ रस्त्यात आहे, काय करू??

पळासिया गॅरेज
किल्ली ऑनसुद्धा करू नका, गाडीतला पंप फिरला की संपलं. डिझेल हेच त्या हाय प्रेशर पंपाचं वंगण. ढकलून बाजूला घ्या, टाकी उपसा, लाइन धुवा, फिल्टर नवा घाला, मग ताजं डिझेल. चालवली असेल तर तसं सांगा, मग इंजेक्टरही काढावे लागतील. पावती जपून ठेवा, पंपाचा नंबर त्यावर असतो. पेट्रोलचं नोझल बारीक असतं, डिझेलच्या तोंडात सहज जातं, म्हणून ही चूक होते.

नवा_मेंबर
चालवली नाही अजून. सांगते त्याला

राऊकर
कुठे आहे तो? बेटम्याच्या अलीकडे असेल तर क्रेनवाल्याचं बघतो.