आणीबाणीत शाळेत होतो, आम्हाला कुठे भीती वाटली?

कट्ट्यावरचा
आणीबाणीत मिसा कायद्याखाली विनाखटला डांबलेल्या मिसाबंद्यांचं मानधन २०२५ मध्ये दुप्पट झालं. महिन्याहून जास्त तुरुंगात काढलेल्यांना दहाचे वीस हजार. तेव्हापासून 'आणीबाणीचे काळे दिवस' ही चर्चा परत सुरू. मी १९७५ ला सातवीत, सातारा जिल्ह्यात. खरं सांगू? कचेरीत साडेदहाला साहेब खुर्चीत दिसायचे. ७२चा दुष्काळ, ७४चा रेल्वे संप, महागाई यानंतर गोडेतेल उतरलं, आई खूश. इंदिराबाई चुकल्या, मान्य. पण अख्खी पिढी दहशतीत वाढली, हे आमच्या गावाबद्दल तरी सांगू नका.

मास्तरांचा लेक
दादा, ७५ ला पाऊस चांगला झाला, हेही तेलाच्या हिशेबात धरा. पाऊस काही इंदिराबाईंच्या वीस कलमी कार्यक्रमात नव्हता.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. मास्तरांना नसबंदीच्या केसेसचा कोटा होता; केस नाही तर पगार अडकला. शाळा सुटली की सायकल काढून वाड्यावस्त्यांवर जायचं आणि आमच्याच वर्गातल्या पोरांच्या बापांना पटवायचं. पुढे पुढे सायकल दिसली की बाप्ये मागच्या दाराने उसात. मला वर्गात 'कापाकापीवाल्याचा' म्हणायचे. शेवटी वडिलांनी स्वतःचंच ऑपरेशन करून घेतलं. तेवढीच एक केस भरली.

आणि तीन मुलांनंतर सक्तीचं विधेयक आपल्याच विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मंजुरी आली नाही म्हणून वाचलो.

गिरणगाव
किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ वर आला तो तेव्हाच. संप करायची सोय नाही. आमच्या चाळीत त्या दिवाळीला शिस्त भरपूर होती, फराळ कमी.

कट्ट्यावरचा
बोनस, कोटा, ह्या मोठ्यांच्या गोष्टी झाल्या. मी पोरांचं विचारतोय. आणि लोक एवढे पिचले होते तर ७७ ला महाराष्ट्रात काँग्रेसला ४८ पैकी २० जागा कशा मिळाल्या? यूपीत भोपळा, इथे वीस. साताऱ्यातून काँग्रेसचे यशवंतराव चव्हाण निवडून आलेच ना?

मोगरा
पोरांचं ना? ऐका. बाबा येरवड्याला, मिसाखाली. खटला नाही, तारीख नाही, कधी सुटणार ते कोणी सांगेना. शेजारच्या काकू रोज विरजण मागायला यायच्या, त्या यायच्या बंद झाल्या. बाबांची पत्रं तपासून यायची, मधल्या ओळींवर काळी शाई. मला वाटायचं बाबाच चुकतात आणि खोडतात. मी त्यांना लिहिलं, आधी पाटीवर लिहा, मग कागदावर उतरवा.

तुमच्या गावातून कोणी उचललं गेलं नाही, एवढाच तुमच्या अनुभवाचा अर्थ. आणि मानधनाचं म्हणाल तर २०१८ ला सुरू, २०२० ला बंद, २०२२ ला परत चालू. आईने अर्जच केला नाही. म्हणाली, सरकार बदललं की परत हात पसरायचा का?

कट्ट्यावरचा
ताई, तुमच्या घरचं वेगळं, त्यावर मी काय बोलणार? पण मतांचं उत्तर कोणी दिलंच नाही.

मास्तरांचा लेक
मी देतो. माझ्या वडिलांनीही ७७ ला यशवंतरावांनाच मत दिलं. आईने विचारलं, पगार अडकवला त्यांनाच? तर म्हणाले, पगार बीडीओने अडकवला, आणि तो काय निवडणुकीला उभा आहे होय!