दोन पायांवरचा घोडा: नव्या अश्वारूढ पुतळ्यांना हाच घाट हवा का?

दसरा चौक
कोल्हापूरच्या कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा रवींद्र मेस्त्रींच्या हातचा. घोडा मागच्या पायांवर उठलेला. तो बघून आता गावोगावच्या स्मारक समित्या तसाच घोडा मागतात. माझं मत, मागू नये. पुण्यातला शिल्पकार करमरकरांचा शिवपुतळा आठवा. शाहू महाराजांच्या पुढाकारानं १९२१ ला पायाभरणी झाली, महाराज १९२२ ला गेले, काम त्यांचे पुत्र राजाराम महाराजांनी पुरं करून घेतलं आणि १९२८ ला अनावरण झालं. साडेतेरा फुटांचा, एकसंध ओतलेला. घोडा उधळलेला नाही, तरी राजेपण कुठं उणं पडलंय?

पंचगंगाकाठ
साफ अमान्य. शिवरायांना तो घाट शोभतो, ताराराणींना नाही. ताराराणींचे पती, शिवरायांचे पुत्र राजाराम महाराज १७०० ला गेले तेव्हा हंबीररावांची ही लेक जेमतेम पंचविशीत होती. पुढची सात वर्षं तिनं औरंगजेबाशी लढा चालवला. तिचा घोडा शांत उभा दाखवला तर पुतळा सुबक होईल, ताराराणी हरवेल. आणि हे तंत्र काही अघोरी नाही. माद्रिदमध्ये इटालियन शिल्पकार ताक्कानं १६४० ला स्पेनचा राजा चौथ्या फिलिपचा घोडा असाच उभा केला. पुढचा भाग पोकळ, मागचा जड.

मेणसाचा
दोघांचंही अर्धंच बरोबर. रशियात पीटर्सबर्गला पीटर द ग्रेटच्या पुतळ्यात शिल्पकार फाल्कोनेच्या घोड्याखाली (१७८२) साप आहे आणि शेपूट त्याला टेकलेली आहे. म्हणजे आधार तीन. वॉशिंग्टनमधला अमेरिकी राष्ट्राध्यक्ष जॅक्सनचा घोडा (१८५३) मात्र खरोखर दोन पायांवर आहे.

गोम खुरांच्या जागेत आहे. गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा दोन खुरांच्या मध्ये पडला पाहिजे. घोडा उठला की खरा स्वार पुढं झुकतो. तसा दाखवला की वजन पुढं सरकतं, म्हणून मागचे खूर पोटाखाली आणखी पुढं घ्यावे लागतात आणि मागचे सांधे वाकवून पुठ्ठा, म्हणजे घोड्याचा ढुंगणाकडचा भाग, खाली बसवावा लागतो. मागचे पाय सरळ ठेवले तर तोलही जातो आणि घोडा लाकडी दिसतो.

ओतताना धड ६ ते ८ मिलिमीटर जाडीचं, मागचे पाय त्याहून जाड, आत स्टेनलेसचा सांगाडा. हा सांगाडा खुरांतून खाली चबुतऱ्याच्या काँक्रीटमध्ये खोल उतरला पाहिजे. वरच्या प्लेटला चार बोल्ट मारून भागत नाही.

शिवाजी पेठ
दोन पाय वर म्हणजे स्वार रणात पडला, एक वर म्हणजे जखमांनी गेला, असा नियम आहे ना? मग ताराराणींना तो घाट चुकीचाच.

पंचगंगाकाठ
असा सर्वमान्य नियम नाही. जॅक्सन घरी, अंथरुणात गेला, तरी त्याच्या घोड्याचे दोन्ही पाय वर आहेत. ताराराणी १७६१ ला साताऱ्यात गेल्या. घोड्याचे पाय शिल्पकार रचनेसाठी उचलतो.

दसरा चौक
तंत्र जमतं हे मान्य. पण समित्या उंचीही वाढवतात, त्याचं काय? घोडा दुप्पट उंच केला की त्याच्या पायांच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. धातूवरचा ताण थेट दुप्पट. वाऱ्याचा जोर वेगळाच. मालवणचा ३५ फुटी शिवपुतळा डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ ला पडला. तो तर नुसता उभा होता, घोडासुद्धा नव्हता.

मेणसाचा
हा मुद्दा खरा आहे. म्हणूनच १२-१४ फुटांच्या वर दोन पायांचा हट्ट मीही धरणार नाही. धरायचाच तर शेपूट जमिनीला टेकवा. लोंबती शेपूट नैसर्गिकच दिसते, आधार लपून जातो.

बिघाड बहुतेक आतून सुरू होतो. साधं लोखंड ब्राँझला चिकटलं आणि मध्ये पाणी आलं की आधी लोखंड गंजतं. गंज फुगतो आणि ब्राँझला तडा देतो. पावसाचं पाणी खोगीर नि मांडीच्या सांध्यातून शिरतं, म्हणून पोटाच्या सगळ्यात खालच्या जागी आणि खुरांजवळ निचऱ्याची भोकं हवीतच. चबुतऱ्यावर खुराशेजारून तांबूस ओघळ दिसला तर आतलं लोखंड सडतंय असं समजा आणि लगेच तपासा. हिरवा ओघळ तांब्याचा, तो इतका घाईचा नाही. जयंतीला वरून ऑइलपेंट मारतात तेव्हा हीच भोकं बुजतात आणि ओघळही झाकला जातो. ब्राँझला रंग नको. साध्या पाण्यानं धुऊन, वाळवून, मेणाचा पातळ हात पुरे.

पंचगंगाकाठ
मग भांडण घाटाशी नाही, उंचीशी आणि देखभालीशी आहे. ताराराणींचा घोडा उठलेलाच राहू दे.

दसरा चौक
राहू दे. नव्या कामात मात्र मातीच्या नमुन्यावरच ओळंबा सोडून दाखवा आणि सांगाड्याचा नकाशा ओतकामाआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनं समितीपुढं ठेवा. एवढं होत नसेल तर चारही खूर जमिनीवर.