मारुती ८००चा सेल्फ दोन्ही बोल्ट काढूनही सुटत नाही, मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. सांगलीत गावभागात राहतो. घरात अण्णांची १९९७ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. तिचा सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, काढायला घेतलाय आणि दोन रविवार गेले तरी तो जागचा हललेला नाही.

आधी दुखणं सांगतो. महिनाभर किल्ली फिरवली की नुसतं 'टक' व्हायचं. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. बॅटरी मीटरवर १२.६ दाखवते आणि किल्ली फिरवली तरी व्होल्टेज फारसं पडत नाही, म्हणजे सेल्फ करंटच ओढत नाहीये. अर्थिंगची पट्टी घासून घट्ट केली, फरक नाही. सेल्फच्या अंगावर पान्याने हलकं ठोकलं की एखाद्या वेळी सुरू व्हायची, त्यावरून कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश) संपलेत असा माझा अंदाज. शेवटी धक्क्यावर चालू केली तेव्हा बॉनेटखालून शिट्टीसारखा बारीक आवाज येत राहिला. त्यानंतर तर 'टक'सुद्धा बंद झालं.

आता मागचं. २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. आमची गाडी तेव्हा स्टिअरिंगपर्यंत पाण्यात होती. पूर ओसरल्यावर इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल बदललं, सीट काढून टाकल्या, वायरिंग उन्हात वाळवलं. सेल्फ त्या वेळी फिरत होता, म्हणून त्याला कुणी हात लावला नाही. यात गाडीचा दोष नाही. गाळ आत बसला आणि आम्ही तो तसाच ठेवला.

वरचा बोल्ट गोटी पाना आणि लांब एक्स्टेंशनने निघाला. खालच्याचं डोकं गोल झालं होतं, त्यावर सहा कोनी गोटी ठोकून बसवली आणि तोही काढला. वायरी सोडवल्या. तरी सेल्फ गिअरबॉक्सच्या भोकात सिमेंट भरल्यासारखा घट्ट. कडेनं पांढरी भुकटी दिसते. गंजावरचं तेल तीन दिवस मारतोय. ओळखीचे मिस्त्री म्हणाले, "दादा, जोर लावला तर कान तुटंल. गिअरबॉक्स उतरवू या." कान, म्हणजे सेल्फचा बोल्ट बसतो तो बाहेर आलेला भाग, तुटला तर काम कुठल्या कुठे जाईल, ही भीती मलाही आहे. पण गिअरबॉक्स न उतरवता काही मार्ग आहे का? गॅसबत्तीने तापवू का?

सांगली सपाट. उतारावर लावून ठेवायची सोय नाही. दर वेळी धक्क्याला शेजाऱ्यांना हाक मारावी लागते आणि अण्णांना ते फार लागतं. म्हणून घाई आहे.

प्रतिसाद, मिरजेहून:
गॅसबत्ती अजिबात नको. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटर जवळच आहेत. आणि तेल मारणं आजच थांबवा. ते भोकातून आत झिरपून क्लच प्लेटवर गेलं, तर सेल्फ निघेल पण क्लच घसरायला लागेल. ती पांढरी भुकटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गंज. गोणपाटाची घडी उकळत्या पाण्यात भिजवून गिअरबॉक्सच्या त्या भागावर ठेवा, निवली की दुसरी. चार-पाच वेळा. मग सेल्फ ओढू नका, पिळा. बोल्टच्या कानावर लाकडी ठोकळा ठेवून एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून ठोका. मधल्या पिंपावर हातोडा मारू नका, आत चुंबकं असली तर तडकतात. आणि फटीत पेचकस घालून उचकटू नका, कान तुटतात ते त्यानेच.

प्रतिसाद, कराडहून:
शिट्टीचा आवाज आणि नंतर 'टक' बंद, हे वाचून थांबलो. तुमचा बेंडिक्स (सेल्फचा पुढे सरकणारा छोटा गिअर) बाहेर येऊन फ्लायव्हीलच्या रिंगमध्येच (इंजिनच्या जड चाकावरच्या दातेरी कड्यात) अडकला असणार. आवाज त्याचाच. बेंडिक्सला पुढे ढकलणारा सोलेनॉइड आधीच आत खेचलेला, मग 'टक' कुठून येणार? दात एकमेकांत आवळलेले असताना बाहेरून कितीही पिळा, तो दाद देणार नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढलेलीच ठेवा. दोन्ही बोल्ट चार-चार आटे परत बसवा. गाडी जमिनीवर, हँडब्रेक खाली, चौथा गिअर. मग दोघांनी मिळून गाडी मागे-पुढे झुलवा. हात बॉनेटमध्ये नकोत. आवळलेले दात सुटले की 'खट्' असं ऐकू येतं.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी केलं. तिसऱ्या झोक्याला 'खट्' झालं, स्पष्ट ऐकू आलं. मग गोणपाट, सहा वेळा लागलं. ठोकळ्यावर ठोकत गेलो, आधी केसभर हलला, मग बोटभर, आणि सेल्फ हातात आला. दोन्ही कान शाबूत. बेंडिक्सच्या शाफ्टवर पुराचा गाळ वाळून दगड झाला होता, म्हणूनच तो मागे सरकत नव्हता. कार्बन नखाएवढे उरलेत. रिंगचे दात टॉर्च मारून पाहिले, ठीक आहेत. कार्बन आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्या) नवे टाकून घेतो.

एक विचारायचं राहिलं. बसवताना भोकाला ग्रीस लावू का, म्हणजे पुन्हा धरणार नाही?

प्रतिसाद, मिरजेहून:
जिथे सेल्फ गिअरबॉक्सला टेकतो ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत करून कोरडीच ठेवा. सेल्फची अर्थिंग तिथूनच जाते. ग्रीस फक्त बोल्टच्या आट्यांना, तेही बोटाला लागेल एवढंच. शाफ्टवर ग्रीस नको, धूळ धरते. गोल झालेला बोल्ट परत वापरू नका. नवा घेताना डोक्यावर ८.८ (मजबुतीचा आकडा) लिहिलेला आहे का ते बघून घ्या. आणि त्या पुरातून बॅटरी चार्ज करणारा डायनॅमोही गेलाय ना? हात काळे आहेत तोवर त्याचेही बोल्ट एकदा सैल करून बघा.