मदत हवी आहे: वालुकाश्मातल्या जुन्या तेलाच्या खुणा कशा ओळखायच्या?

नमस्कार मंडळी. मी वणी तालुक्यातल्या एका खेड्यातला, भूशास्त्रात एमएस्सी करतोय. प्रकल्पासाठी आमच्याकडच्या कामठी वालुकाश्माचे थिन सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला घासून पातळ केलेले काप, केलेत. इथे तेल निघेल या आशेनं नाही, पद्धत हाताखालून जावी म्हणून.

साठ्यातलं तेल पुढे निसटून गेलं, तरी क्वार्ट्झच्या कणांतल्या भेगा बुजताना त्याचे सूक्ष्म थेंब आत अडकून राहतात आणि अतिनील प्रकाशात चमकतात. असे थेंब असलेले कण ५ टक्क्यांहून जास्त भरले, तर तिथे कधीकाळी साठा होता असं धरतात. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेनं ही जीओआय (तेलाचे थेंब असलेले कण मोजायची) पद्धत विकसित केली. मला ती फार आवडली.

अडचण अशी की कॉलेजात फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक नाही. साध्या सूक्ष्मदर्शकावरच अतिनील टॉर्च मारतो. निळसर चमक दिसते, पण कॅल्साइट हे खनिज अन् काप स्लाइडला चिकटवायचं इपॉक्सीही चमकतं ना! मग थेंब नेमका ओळखायचा कसा? आत वायूचा बुडबुडा दिसला तरच मोजायचा का? क्वार्ट्झबरोबर फेल्डस्पार या खनिजाचे कणही मोजणीत धरायचे का?

मुंबई हाय किंवा कावेरी खोऱ्यातल्या तेलविहिरींतून काढलेले खडकाचे गाभे पाहिलेल्या कुणी सांगितलं तर फार उपकार होतील. नागपुरात असा सूक्ष्मदर्शक कुठे वापरू देतात, तेही कळवा. पहाटेच्या एसटीनं येईन.