मदत हवी आहे: जांबोटी-कणकुंबीच्या कच्च्या वाटांसाठी जीपीएस कुठला घ्यावा?

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा. गेल्या रविवारी जीप घेऊन जांबोटीच्या पुढं गेलो आणि रेंज गेली. मोबाईलवरचा नकाशा कोरा, निळा ठिपका मात्र नीट सरकत होता. जीपीएसला नेट लागत नाही, नकाशाला लागतं, हे तिथं कळलं. पुढं लाल चिखलात दोन सारख्याच चाकोऱ्या. एका गुराख्यानं वाट दाखवली म्हणून अंधाराआधी डांबरीला लागलो. सोबत आई होती, जीव नुसता टांगणीला.

आता मोबाईलवर ऑस्मअँड हे नेटशिवाय चालणारं नकाशाचं अ‍ॅप घातलंय, नकाशा आधीच उतरवून. गेलेली वाट त्यात नोंदली जाते, म्हणजे त्याच वाटेनं परत फिरता येतं. हे फार पटलं.

अडलंय ते यंत्रावर. 8 इंची टॅबलेट की गार्मिनचा हातात धरायचा जीपीएस? टॅबलेटवर नकाशा मोठा दिसतो, पण नुसत्या वायफायवाल्या बऱ्याच मॉडेलांत जीपीएसच नसतं, शिवाय उन्हात डॅशबोर्डवर तापतो. गार्मिन पाऊस सोसतो, स्क्रीन मात्र बारीक.

कणकुंबीच्या पावसात कुणी वापरलंय का? धक्क्यांत न निखळणारं स्टँड कुठलं? भीमगड अभयारण्याची हद्दही नकाशावर ठळक हवी, चुकूनही आत शिरायचं नाही. खानापूर भागातले जीपीएक्स ट्रॅक (नोंदलेल्या वाटांच्या फाईली) असतील तर कृपया द्या.