मदत हवी आहे: बीएएसएलपीच्या (श्रवण आणि वाचा-उपचारांची पदवी) मुलांना विचार करायला कसं शिकवू?

फोंड्याची_मीरा
सोमवारपासून नवी तुकडी क्लिनिकला येतेय, म्हणून घाईत विचारते. मुलं हुशार आहेत, व्याख्या धडाधड म्हणतात. पण पेशंट समोर बसला की घोडं पेंड खातं. पहिलं जे सुचेल ते निदान धरायचं आणि त्याला जुळेल तेवढंच बघायचं. 'कशावरून?' विचारलं की 'मॅडम, नोट्समध्ये आहे.' चिकित्सक विचारावर व्याख्यान देऊन झालं, तेही पाठ करून पेपरात लिहून मोकळी झाली. करून घेता येईल असं काही सांगा.

डिचोलीकर
कितवं वर्ष? वाचेच्या केसेस की कानाच्या? एखादं उदाहरण तरी द्या.

निवृत्त_मास्तर
आयुष्यभर गणित शिकवलं, त्यावरून सांगतो. आधी पाठांतर पक्कं हवं. डोक्यात काही नसेल तर विचार कशाचा करणार? वादविवाद स्पर्धा घ्या.

कानसेन
मास्तर, पाठांतर आहे, तिथून पुढे गाडी जात नाही असंच त्या म्हणताहेत.

फोंड्याची_मीरा
तिसरं वर्ष, केसेस दोन्ही. चार वर्षांचा मुलगा, हाकेला वळत नाही. ओएई (आंतरकर्णातून परत येणारा बारीक आवाज मोजायची चाचणी) दोन्ही कानांत आलं. विद्यार्थिनीने लिहिलं, 'श्रवण सामान्य, ऑटिझमचा संशय', आणि फाईल मिटली. बेरा (आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का ते बघायची चाचणी) सुचवलाच नाही.

कानसेन
हीच केस वर्गात न्या. ओएई आलं म्हणजे आंतरकर्णातल्या बाह्य केशपेशी चालताहेत, एवढंच. पुढे नसेतून आवाज नीट जातो का, हे त्यातून कळत नाही. ऑडिटरी न्यूरोपथीत, म्हणजे आवाज नसेतून नीट पुढे जात नाही तेव्हा, ओएई येतं आणि बेरा गायब किंवा बिघडलेला असतो. ऑटिझमही असू शकतो, दोन्हीही असू शकतं.
मी केस पाकिटांत घालून देतो. आधी आईची तक्रार, मग एकेक तपासणी. पुढचं पाकीट फोडण्याआधी पेनाने लिहायचं: आत्ता काय वाटतं, आणि काय दिसलं तर मत बदलेन. सपाट टिंपॅनोग्राम (कानाचा पडदा किती हलतो त्याचा आलेख) निघाला की सगळे 'मध्यकर्णात पाणी' लिहितात. मग बाहेरच्या कर्णनलिकेच्या आकारमानाचा आकडा दाखवायचा. फारच कमी असेल तर मळ, नाहीतर प्रोब (यंत्राचं कानात घालायचं टोक) नलिकेच्या भिंतीला टेकलाय. खूप जास्त असेल तर पडद्याला भोक किंवा ग्रोमेट (पडद्यात बसवलेली बारीक नळी). आकडा त्याच कागदावर असतो, नजर आलेखावरून हलत नाही.

पेडण्याची_आई
मध्येच विचारते, माफ करा. मुलगा अडीच वर्षांचा, शब्द मोजकेच. घरात कोकणी, आजी मराठीतून बोलते. घरात फक्त इंग्रजी बोला असा सल्ला मिळालाय. खरं का?

फोंड्याची_मीरा
ताई, दोन-तीन भाषा कानावर पडल्याने भाषाविकार होत नाही. विकार असलाच तर तो सगळ्या भाषांत दिसतो. कोकणी सोडू नका. आधी कान तपासून घ्या आणि स्पीच थेरपिस्टला दाखवा, थांबू नका.

डिचोलीकर
पटत नाही. माझ्या भाच्याशी कोकणी बंद केली आणि तो बोलायला लागला.

कानसेन
त्याच सुमारास बालवाडीत जायला लागला होता का?

डिचोलीकर
हो. पण फरक आम्ही डोळ्यांनी बघितलाय.

कानसेन
फरक खराच असेल. तो भाषा बंद केल्याने, बालवाडीने की वयाने, हे कसं ठरवलंत? मीराताई, हा प्रश्नही पाकिटात घाला. मुलांना घरोघरी हाच ऐकायला मिळणार.

वास्कोवाला
बाबांना ऐकू कमी येतं. मशीन कानामागचं घ्यावं की आतलं?

डिचोलीकर
आधी ऑडिओग्राम (किती ऐकू येतं त्याचा आलेख) काढा आणि वेगळा धागा काढा.

फोंड्याची_मीरा
पाकिटं आवडली. पण गुणांचं काय? अंदाज चुकला म्हणून गुण गेले तर पोरं उत्तरं आधीच एकमेकांना सांगतील.

कानसेन
अंदाजाला गुण नाहीत. कारण लिहिलं, आणि नवी माहिती आल्यावर मत का बदललं किंवा का नाही बदललं ते लिहिलं, त्यालाच गुण.

निवृत्त_मास्तर
हे पटलं. गणितातही पायऱ्यांना गुण असतात.

फोंड्याची_मीरा
आज रात्री बसून केसेस तयार करते. ग्रोमेटवाला टिंपॅनोग्राम माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर पेशंटचं नाव काढून व्यनि (खासगी निरोप) करा, रविवारपर्यंत हवाय.