नेव्हिगेशनचा पेपर: वाऱ्याची गणितं थोडक्यात हुकतात, सल्ला हवा

पट्टीपेन्सिल
पीपीएलचा (खाजगी वैमानिक परवान्याचा) नेव्हिगेशनचा पेपर पाच आठवड्यांवर आलाय. वाचन झालंय, घोडं अडतंय फ्लाइट कम्प्युटरवर, म्हणजे फिरती चकती आणि सरकती पट्टी असलेल्या गणकावर. नमुना देते: खरा ट्रॅक (जमिनीवरच्या मार्गाची खऱ्या उत्तरेपासूनची दिशा) ०७५, वारा ०३०/२० (०३० अंशांकडून २० नॉट), टीएएस (हवेतला खरा वेग) १००. माझं उत्तर हेडिंग (विमानाच्या तोंडाची दिशा) ०६६, ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशोबातला वेग) ८७. छापील उत्तर ०६७ आणि ८५. पर्याय इतके जवळजवळचे असतात की एवढ्यानं मार्क जातो. बॅटरीचा कम्प्युटर चालणार नाही, चकतीचाच वापरायचाय. रोज काय सोडवावं, तेही सांगा.

वातकुक्कुट
तुमच्या आकड्यांतच चूक दिसतेय. वाऱ्याचा ठिपका केंद्राच्या खाली काढलात, चकती ०७५ वर लावलीत, केंद्राखाली १०० आणलेत, ठिपक्यापाशी ९ अंश ड्रिफ्ट (वाऱ्यानं बाजूला सरकण्याचा कोन) वाचून ०७५ मधून वजा केलेत आणि तिथंच थांबलात. ठिपका खाली असेल तर वरच्या खुणेसमोर हेडिंग हवं, ट्रॅक नाही. आता चकती ०६६ वर फिरवा. ड्रिफ्ट ८ दिसेल, म्हणजे ट्रॅक ०७४ झाला, एक अंश कमी. ०६७ वर आणा: ड्रिफ्ट ८, ट्रॅक ०७५, ठिपक्यापाशी ८५. हेडिंग हललं की वाऱ्याशी होणारा कोन हलतो, म्हणून एका फेरीत हे जुळत नाही.

ही फेरी नको असेल तर ठिपका केंद्राच्या वर काढा. चकती ट्रॅकवर लावा आणि पट्टी सरकवून ठिपकाच १०० च्या कमानीवर आणा. तो ८ अंश डावीकडे दिसेल, तेवढं हेडिंग डावीकडे. ग्राउंडस्पीड केंद्राखाली, ८५. ट्रॅक दिलेला असतो तिथं हीच पद्धत घ्या. उलट हेडिंग, टीएएस, ट्रॅक आणि ग्राउंडस्पीड देऊन वारा विचारला, तर खालच्या ठिपक्याची पद्धत सरळ पडते.

दोन्हींची खिचडी झाली की मात्र वाट लागते. ठिपका वर आणि टीएएस केंद्राखाली ठेवलात तर ठिपक्यापाशी ७ अंश आणि ११५ नॉट दिसतील. वारा समोरून असताना ११५? म्हणून चकतीला हात लावण्याआधी अंदाज लिहून ठेवा. इथं वारा ट्रॅकशी ४५ अंशांत आहे. २० चे सात दशांश १४, म्हणजे १४ नॉट आडवा आणि १४ समोरून. ग्राउंडस्पीड ८५ च्या आसपास, हेडिंग ८ अंश डावीकडे. बहुपर्यायी पेपरात चारांतले दोन पर्याय इथंच गळतात.

शून्यउत्तर
वरच्याशी सहमत. त्यापुढची पायरी सांगतो, कारण खरे मार्क तिथं सांडतात. कच्च्या कागदावर कायम एकाच क्रमानं रकाने आखा: खरा ट्रॅक, वारा, खरं हेडिंग, व्हेरिएशन (खऱ्या आणि चुंबकीय उत्तरेतला कोन), चुंबकीय हेडिंग, डेव्हिएशन (विमानातल्या चुंबकत्वामुळे होकायंत्रात येणारा फरक), होकायंत्र हेडिंग. डावीकडून उजवीकडे जाताना पश्चिम अधिक, पूर्व वजा. उलट येताना चिन्हं उलटी.

तुमचंच गणित पुढे नेऊ. खरं हेडिंग ०६७, व्हेरिएशन ४ पश्चिम, म्हणून चुंबकीय ०७१. डेव्हिएशन २ पूर्व, म्हणून होकायंत्रावर ०६९. डेव्हिएशनच्या तक्त्यात हेडिंग शोधायचं असतं, ट्रॅक नाही. ही चूक फार होते.

वाऱ्याचंही बघा. हवामान अंदाजातला वरच्या थरातला वारा खऱ्या उत्तरेवरून असतो, टॉवरनं रेडिओवर सांगितलेला चुंबकीय उत्तरेवरून. प्रश्नात व्हेरिएशन १ अंश असेल तर हा घोळ पचतो, १२ असेल तर नाही.

रेघोटी
चार्टवरच्या चुका राहिल्या. १:५,००,००० च्या चार्टवर पट्टीची १:२,५०,००० ची बाजू लावली की अंतर निम्मंच येतं आणि पुढचं अख्खं गणित पाण्यात. मोजलेलं अंतर चार्टवरच्या रेखावृत्तालगत ताडून पाहा, अक्षांशाचं १ मिनिट म्हणजे १ नॉटिकल मैल. हे अक्षवृत्तालगत करू नका, ६०° अक्षांशावर रेखांशाचं मिनिट जेमतेम अर्धा मैल भरतं. ट्रॅकचा कोन रेघेच्या मध्याजवळच्या रेखावृत्तावर मोजा. लँबर्ट चार्टवर रेखावृत्तं समांतर नसतात, टोकाला मोजलं तर लांबच्या ट्रॅकवर एखाददुसरा अंश हमखास जातो.

पट्टीपेन्सिल
वातकुक्कुट, अगदी तसंच करत होते! ०६७ आणि ८५ आलं. आता साठात एकचा नियम (६० मैलांत १ मैल सरकलं की १ अंश). २४ मैल गेल्यावर ३ मैल उजवीकडे सरकलोय, ३६ मैल बाकी, किती वळायचं? माझं उत्तर ७.५ अंश डावीकडे, ते चूक धरलंय.

शून्यउत्तर
७.५ अंश वळलात तर मूळ रेघेला समांतर उडाल, मुक्कामाला ३ मैल उजवीकडेच. ३ भागिले २४ गुणिले ६० बरोबर ७.५, ही ट्रॅकची चूक. ३ भागिले ३६ गुणिले ६० बरोबर ५, हा मिटवायचा कोन. थेट मुक्कामावर जायचं तर बेरीज, १२.५ अंश डावीकडे. प्रश्नात ‘समांतर’ आहे की ‘थेट मुक्काम’, त्या शब्दाखाली आधी रेघ मारा.

कंपासवाला
होकायंत्राच्या त्रुटींवर एक-दोन प्रश्न असतातच. पाठ करून टाका: वेग वाढवला की उत्तरेकडे वळल्यासारखं दिसतं, कमी केला की दक्षिणेकडे.

वातकुक्कुट
कंपासवाला, अर्धवट पाठ केलेलं इथं धोक्याचं. हे फक्त उत्तर गोलार्धात, आणि ठळकपणे पूर्व किंवा पश्चिम हेडिंगवर. नेमक्या उत्तर किंवा दक्षिण हेडिंगवर वेग बदलला तर ही त्रुटी दिसत नाही, असा पर्याय मुद्दाम घातलेला असतो. वळणाची त्रुटी बरोबर उलट, उत्तर-दक्षिणेला सर्वांत जास्त. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे वळताना होकायंत्र उत्तर दाखवण्याआधी वळण थांबवा, दक्षिणेकडे वळताना दक्षिण ओलांडून गेल्यावर. दक्षिण गोलार्धात सगळं उलटं.

रेघोटी
व्हीओआरचंही (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा दाखवणाऱ्या यंत्रणेचं) लगेच सांगते. सुई पूर्ण कलली म्हणजे १० अंश, पाच ठिपक्यांच्या डायलवर एक ठिपका २ अंशांचा. ओबीएस (आपण निवडलेली दिशा) ०९०, फ्रॉम (केंद्रापासून दूर), सुई दोन ठिपके उजवीकडे: तुम्ही ०८६ रेडियलवर, म्हणजे केंद्रातून ०८६ दिशेला निघणाऱ्या रेघेवर. त्याच स्थितीत टू (केंद्राकडे) असेल तर २७४ वर. विमानाचं तोंड कुठंही असो, उत्तर तेच. प्रश्नात हेडिंग दिलेलं असतं ते बहुतेक वेळा नुसती हूल असते.

शून्यउत्तर
रोजचं म्हणाल तर वाऱ्याची सहा गणितं घड्याळ लावून, प्रत्येकी दोन मिनिटांत. एक दिवसाआड चार टप्प्यांचा पूर्ण फ्लाइट प्लॅन, इंधनासकट. तुमच्या ८५ नॉटांनी ६८ मैल म्हणजे ४८ मिनिटं, ताशी ३० लिटरनं २४ लिटर. गॅलन दिसला की कुठला ते बघा: अमेरिकी ३.७८५ लिटर, इंपीरियल ४.५४६. चकती दशांश चिन्ह दाखवत नाही, २.४ की २४ की २४० हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

पट्टीपेन्सिल
आणि पेपरात फ्लाइट प्लॅनचे प्रश्न आधी घेऊ की शेवटी?

वातकुक्कुट
ते एकमेकांवर अवलंबून असतील तर मधे. सुरुवातीला घेतलेत आणि एक टप्पा चुकला तर शोधण्यात वेळ जातो, शेवटी ठेवलेत तर चार्ट नीट उलगडायलाही फुरसत मिळत नाही. थिअरीचे आधी उरका, मग प्लॅन, आणि अडलेले एकेकटे प्रश्न शेवटच्या वीस मिनिटांत.